पासवर्डनंतरची ओळख : संकेतस्थळे आपल्याला लक्षात कशी ठेवतात आणि विसरतात केव्हा

भिलाई (छत्तीसगड) : शासकीय सेवा देणाऱ्या सामान्य सेवा केंद्राला छत्तीसगडमध्ये लोक आजही 'चॉइस सेंटर' म्हणतात. राज्याच्या एका जुन्या ई-प्रशासन प्रकल्पाचे हे नाव बोलीभाषेत टिकून राहिले आहे. भिलाईत सुपेला, पॉवर हाऊस, खुर्सीपार अशा वस्त्यांमधील या केंद्रांत एकाच संगणकासमोर दिवसभर निरनिराळी माणसे येऊन बसतात. कुणी कंत्राटी कामगार आपले भविष्य निर्वाह निधीचे पासबुक पाहतो, कुणी विद्यार्थिनी 'व्यापम'च्या परीक्षेचा अर्ज भरते, पोलाद प्रकल्पातून निवृत्त झालेले कुणी गृहस्थ बँकेच्या खात्यातील नोंदी छापून घेतात. काम झाले की ब्राउझरची खिडकी बंद केली जाते आणि पुढचा ग्राहक खुर्चीवर बसतो. खिडकी बंद झाली म्हणजे आपले खातेही बंद झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अनेकदा चुकीचा असतो.

पासवर्ड कुणाला सांगू नये, ओटीपी कुणाला देऊ नये, हा उपदेश आता पुरेसा रुजला आहे. मात्र पासवर्ड व ओटीपी स्वीकारल्यानंतर संकेतस्थळ वापरकर्त्याच्या हाती आणखी एक वस्तू देते, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ती वस्तू ज्याच्याजवळ असेल त्याला पासवर्डही विचारला जात नाही आणि ओटीपीही. संगणकशास्त्रात या व्यवस्थेला 'सत्र' किंवा रूढ शब्दात 'सेशन' म्हणतात. गेल्या काही वर्षांतील मोठ्या सायबर चोऱ्यांपैकी अनेक चोऱ्या पासवर्डच्या नव्हत्या, या सत्रांच्या होत्या.

मुळात ही व्यवस्था लागते, याचे कारण वेबच्या रचनेतच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी तीन दशकांपूर्वी उभ्या केलेल्या वेबला स्मरणशक्ती नव्हती. ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि दोघांनी एकमेकांना विसरून जायचे, असा तो साधा व्यवहार होता. संशोधन-निबंध वाचण्यासाठी एवढे पुरेसे होते. दुकान चालवण्यासाठी ते पुरेसे नव्हते. ग्राहकाने एका पानावर वस्तू निवडली आणि तो पैसे देण्याच्या पानावर गेला, की सर्व्हरच्या लेखी तो नवाच अनोळखी माणूस ठरे.

या अडचणीवर उपाय काढला तो 'नेटस्केप' कंपनीतील तरुण प्रोग्रामर लू माँटुली यांनी, १९९४ मध्ये. खरेदीची टोपली आपल्या सर्व्हरवर सांभाळावी लागू नये, अशी एका ग्राहक कंपनीची इच्छा होती. माँटुली यांनी असे सुचवले की सर्व्हरने एक छोटीशी चिठ्ठी ब्राउझरकडे ठेवायला द्यावी आणि त्यानंतरच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझरने ती आपणहून परत दाखवावी. तिला त्यांनी संगणक क्षेत्रातल्या एका जुन्या संज्ञेवरून 'कुकी' हे नाव दिले. फेब्रुवारी १९९७ मध्ये तिचे पहिले औपचारिक प्रमाणक प्रसिद्ध झाले आणि आज प्रचलित असलेल्या व्यवहाराला धरून केलेले सुधारित प्रमाणक एप्रिल २०११ मध्ये आले. जाहिरातींसाठी पाठलाग करणारी कुकी पुढे बदनाम झाली हे खरे. पण तिच्याशिवाय बँकेचे संकेतस्थळ पहिल्या पानापुढे जाऊ शकणार नाही, हेही तितकेच खरे.

भिलाईच्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगणे तसे सोपे आहे. पोलाद प्रकल्पाच्या मेन गेटवर, बोरिया गेटवर किंवा जोरातराई गेटवर उभा असलेला सुरक्षा दलाचा जवान आत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची चौकशी पहिल्यापासून करीत बसत नाही. ती चौकशी पास देतेवेळी झालेली असते. जवान फक्त पास पाहतो. संकेतस्थळावर पासवर्ड देणे म्हणजे पास-कार्यालयातील चौकशी, आणि त्यानंतर मिळणारा सत्र क्रमांक म्हणजे गेट-पास. फरक एवढाच की गेट-पासवर छायाचित्र असते. सत्र क्रमांकावर बहुधा काहीच नसते. तो अक्षरे व अंक यांचा एक लांबलचक तुकडा असतो आणि तो जो दाखवील त्याला सर्व्हर खातेदार मानतो.

म्हणून पहिला प्रश्न असा की हा क्रमांक कुणाला अंदाजाने सांगता येईल काय? वेबच्या सुरुवातीच्या काळात काही प्रोग्रामर सत्रांना ओळीने क्रमांक देत. माझा क्रमांक १०४५ असेल तर १०४४ आणि १०४६ हेही कुणाचे तरी चालू सत्र असणार, हे ओळखायला बुद्धी लागत नाही. वेब सुरक्षेसाठी काम करणाऱ्या 'ओवास्प' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सत्र क्रमांकात किमान ६४ बिट इतकी खरी यादृच्छिकता असावी. त्याचा अर्थ असा : एखाद्या संकेतस्थळावर एकाच वेळी १ लाख माणसे प्रविष्ट आहेत आणि हल्लेखोर दर सेकंदाला १० हजार अंदाज करून पाहतो आहे, असे धरले तरी एक क्रमांक जुळायला सरासरी २९० वर्षांहून अधिक काळ लागेल. या कामासाठी लागणारी साधने आज प्रत्येक प्रमुख संगणकीय भाषेत तयार मिळतात. म्हणूनच जाणकार प्रोग्रामर सत्र क्रमांक तयार करण्याची आज्ञावली स्वतः लिहीत नाही. नवशिक्यांना मात्र तो मोह होतो. वेळ आणि खाते क्रमांक जोडून तयार केलेला तुकडा दिसायला गुंतागुंतीचा असला तरी त्याची घडण ज्याला कळली त्याच्यासाठी तो उघडे पुस्तक ठरतो.

दुसरा धोका अधिक चतुर आहे. स्लोव्हेनियातील सुरक्षातज्ज्ञ मित्या कोलशेक यांनी डिसेंबर २००२ मध्ये तो सविस्तर मांडला. यात चोर क्रमांक चोरीत नाही, तो आपला क्रमांक दुसऱ्याच्या हाती देतो. संकेतस्थळाकडून स्वतःसाठी एक कोरा सत्र क्रमांक घ्यायचा, तो दुव्यात गुंफून सावजाला पाठवायचा आणि वाट पाहायची. सावजाने त्या दुव्यावरून आत जाऊन आपला पासवर्ड दिला की तोच क्रमांक अधिकृत होतो. आणि तो चोराला आधीपासूनच ठाऊक असतो. उपाय एका ओळीचा आहे. पासवर्ड पटल्याबरोबर जुना क्रमांक रद्द करून नवा द्यायचा. पीएचपी, जावा, पायथॉन या सर्वांच्या प्रचलित चौकटींत ही सोय आहे. तरीही सुरक्षा-तपासणीत ही उणीव वारंवार आढळते, कारण ती नसताना संकेतस्थळ अगदी व्यवस्थित चालते. काही बिघडल्याचे कुणाला दिसत नाही.

सत्र क्रमांक पानाच्या पत्त्यातच लिहिण्याची पद्धतही एके काळी सर्रास होती. आजही काही जुन्या संकेतस्थळांवर ती आढळते. अशा पानाचा पत्ता कुणी मित्राला वॉट्सअॅपवर पाठवला, तर त्याबरोबर आपला गेट-पासही पाठवला जातो. पत्ता ब्राउझरच्या इतिहासातही उरतो, आणि सार्वजनिक संगणकावर तो इतिहास पुढच्या ग्राहकाला वाचता येतो.

क्रमांक कितीही भक्कम असला तरी तो वाटेत लुटला जाऊ शकतो. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतील प्रोग्रामर एरिक बटलर यांनी 'फायरशीप' नावाची एक छोटी जोडणी फायरफॉक्स ब्राउझरसाठी खुली केली. खुल्या वायफायवर बसलेल्या आसपासच्या लोकांची फेसबुक, ट्विटर आदी खाती ती एका यादीत दाखवी आणि नावावर दोनदा टिचकी मारली की त्या व्यक्तीच्या खात्यात थेट प्रवेश मिळे. बटलर यांचा हेतू चोरीचा नव्हता. त्या काळी ही संकेतस्थळे पासवर्ड देण्याचे पान तेवढे सांकेतिक रूपात पाठवीत. पुढची सर्व पाने, आणि त्यांच्याबरोबर सत्राची कुकी, उघडी जात असे. पासवर्डचे पाकीट मोहोरबंद आणि गेट-पास मात्र पोस्टकार्डावर, असा तो प्रकार होता. तज्ज्ञ हे वर्षानुवर्षे सांगत होते. ते सर्वसामान्यांना डोळ्यांनी पाहता आले तेव्हा कंपन्या हलल्या. फेसबुकने जानेवारी २०११ मध्ये संपूर्ण सुरक्षित जोडणीचा पर्याय दिला, आणि २०१३ मध्ये ती सर्वांसाठी नित्याची केली. जीमेलने ते पाऊल त्याआधीच, जानेवारी २०१० मध्ये उचलले होते.

आज कुकीवर काही खुणा घालता येतात. एक खूण सांगते की ही चिठ्ठी केवळ सांकेतिक जोडणीवरूनच पाठवावी. दुसरी सांगते की पानावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टला ती वाचू देऊ नये. ही सोय मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये प्रथम आणली. तिसरी सांगते की अन्य संकेतस्थळावरून आलेल्या मागणीबरोबर ती जोडू नये. ही तिसरी खूण का लागते? ब्राउझर मोठा आज्ञाधारक असतो. बँकेचे खाते एका खिडकीत उघडे असताना दुसऱ्या खिडकीतील एखाद्या कपटी पानाने बँकेकडे मागणी पाठवली, तर ब्राउझर तिच्याबरोबरही बँकेची कुकी इमानाने जोडून देतो. चोराच्या हाती क्रमांक लागत नाही, पण काम होऊन जाते. या तीन खुणा म्हणजे प्रत्यक्षात तीन शब्द आहेत. एखादे संकेतस्थळ किती काळजीने बांधले आहे, याचा अंदाज त्या तीन शब्दांवरून येतो.

येथवर सत्राचा जन्म आणि त्याचे रक्षण झाले. खरी कसोटी लागते ती त्याच्या शेवटाच्या वेळी.

सत्राची माहिती ठेवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली नोंदवहीची. सर्व्हर आपल्याकडे नोंद ठेवतो की अमुक क्रमांक अमुक व्यक्तीचा आहे. ब्राउझरकडे फक्त क्रमांक असतो. दुसरी रीत सही-शिक्क्याच्या पत्राची. सर्व्हर एक पत्र लिहून देतो, 'हा अमुक वापरकर्ता असून याला अमुक वेळेपर्यंत प्रवेश द्यावा', आणि त्यावर गणिती स्वाक्षरी करतो. पुढे पत्र पाहायचे, सही पडताळायची आणि आत सोडायचे. नोंदवही उघडायची गरज नाही. 'जेडब्ल्यूटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा पत्राचे प्रमाणक मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोबाइल अॅपच्या जमान्यात ते झपाट्याने पसरले. हजारो सर्व्हर असलेल्या कंपनीला हे फार सोयीचे आहे, कारण प्रत्येक दारावर नोंदवहीची प्रत ठेवावी लागत नाही.

पण पत्र रद्द कसे करायचे? नोंदवहीतील ओळ खोडली की तो क्रमांक त्याच क्षणी निकामी होतो. सही केलेले पत्र मात्र त्यावरील मुदत संपेपर्यंत वैधच राहते. वापरकर्त्याने 'लॉगआऊट'चे बटण दाबले तर त्याच्या ब्राउझरमधील प्रत पुसली जाते एवढेच. कुणी त्याआधी नक्कल करून ठेवली असेल तर ती चालतच राहते. यावर रद्द पत्रांची यादी ठेवणे किंवा पत्राची मुदत काही मिनिटांचीच ठेवून मागे एक नूतनीकरणाचा क्रमांक नोंदवहीत ठेवणे, असे मार्ग वापरले जातात. म्हणजे ज्या नोंदवहीपासून सुटका हवी होती तीच मागच्या दाराने परत येते. लहान व मध्यम आकाराच्या बहुतेक कामांसाठी, विशेषतः शासकीय सेवा आणि सहकारी बँका यांच्या संकेतस्थळांसाठी, साधी नोंदवहीच अधिक शहाणपणाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जी गोष्ट ताबडतोब बंद करता येत नाही ती नागरिकांच्या पैशांच्या दारावर असू नये.

ताबडतोब बंद करता येण्याची किंमत काय असते, हे फेसबुकने सप्टेंबर २०१८ मध्ये अनुभवले. 'आपले पान दुसऱ्याला कसे दिसते' हे दाखवणाऱ्या सोयीतील आणि चित्रफीत चढवण्याच्या सोयीतील मिळून तीन दोषांमुळे हल्लेखोरांना वापरकर्त्यांचे प्रवेश-टोकन, म्हणजे गेट-पासच, हाती लागत होते. हे दोष जुलै २०१७ पासून होते. सुरुवातीला ५ कोटी खाती बाधित झाल्याचे सांगण्यात आले. नंतर प्रत्यक्ष चोरी सुमारे ३ कोटी खात्यांची असल्याचे स्पष्ट झाले. यात एकही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. म्हणून पासवर्ड बदलण्यात अर्थही नव्हता. कंपनीने ९ कोटी लोकांची टोकन एकदम रद्द केली. त्या दिवशी ज्यांना अचानक पुन्हा पासवर्ड विचारला गेला, त्यांच्यापुरता उपाय तेवढाच होता आणि तो पुरेसा होता.

ऑक्टोबर २०२३ मधील 'सिट्रिक्सब्लीड' प्रकरणाने दुसरी बाजू दाखवली. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना बाहेरून कार्यालयीन संगणकजाळ्यात घेणाऱ्या सिट्रिक्सच्या यंत्रणेत एक दोष सापडला. त्यातून चालू सत्रांचे क्रमांक बाहेर गळत होते. कंपनीने १० ऑक्टोबरला दुरुस्ती प्रसिद्ध केली. अनेक संस्थांनी ती तातडीने बसवली आणि त्या निर्धास्त झाल्या. मात्र दुरुस्तीपूर्वी चोरलेले क्रमांक दुरुस्तीनंतरही चालत होते, कारण चालू सत्रे कुणी संपवलीच नव्हती. भिंतीचे भोक बुजवले, पण आत शिरलेल्याचा पास तसाच राहिला. विमाननिर्माती बोइंगच्या एका उपकंपनीतील घुसखोरीही याच दोषातून झाली होती. त्यानंतर तज्ज्ञांनी दिलेला सल्ला साधा होता : दुरुस्ती बसवा आणि झाडून सारी सत्रे तोडा.

घरगुती वापरकर्त्यालाही हे लागू आहे. मार्च २०२३ मध्ये 'लिनस टेक टिप्स' या कॅनडातील लोकप्रिय यूट्यूब वाहिनीच्या एका कर्मचाऱ्याने जाहिरातदाराचा प्रस्ताव समजून एक फाइल उघडली. तिच्यात दडलेल्या आज्ञावलीने ब्राउझरमधील साऱ्या सत्र-कुकी उचलून नेल्या आणि दीड कोटीहून अधिक सदस्यांची वाहिनी चोरांच्या ताब्यात गेली. पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असे दोन्ही अडसर तेथे होते. ते ओलांडावे लागले नाहीत, कारण ते आधीच ओलांडलेले होते.

मग सत्राची मुदत किती असावी? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ओवास्पच्या मते हालचाल नसल्यास पैशांच्या व्यवहाराचे सत्र २ ते ५ मिनिटांत आणि कमी जोखमीचे १५ ते ३० मिनिटांत संपावे. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल पेमेंट सुरक्षेविषयी दिलेल्या मुख्य निर्देशांत, ठरावीक काळ हालचाल नसेल तर ऑनलाइन सत्र आपोआप संपले पाहिजे, असे बंधन घातले आहे. त्यामुळेच बँकेचे पान उघडे ठेवून चहा घेऊन आल्यावर पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो. त्याचा वैताग येतो. पण सामायिक संगणकावर नेमके हेच बंधन खातेदाराला वाचवते.

आखूड मुदतीची दुसरी बाजूही आहे. मे २०२१ मध्ये लसीसाठी वेळ मिळवण्याच्या धडपडीत 'कोविन' संकेतस्थळ पुनःपुन्हा बाहेर काढत असे आणि नव्या ओटीपीची वाट पाहीपर्यंत जागा संपलेल्या असत, हे देशभरातील लोकांनी अनुभवले. छत्तीसगडने १८ ते ४४ वयोगटासाठी 'सीजी टीका' हे स्वतःचे संकेतस्थळ त्याच महिन्यात सुरू केले होते. ज्यांच्याजवळ स्वतःचा मोबाइल नव्हता, त्यांना ओटीपीसाठी दुसऱ्याचा फोन मागावा लागे. सत्र लवकर संपवणे हा अशा माणसासाठी सुरक्षेचा उपाय राहत नाही, ती आणखी एक रांग होते. भरत आणलेला लांबलचक अर्ज सत्र संपल्यामुळे कोरा होणे, हा तर चॉइस सेंटरमधील रोजचा अनुभव आहे. त्यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही : मजकूर कच्चा मसुदा म्हणून सर्व्हरवर राखून ठेवावा, मुदत संपण्याआधी सूचना द्यावी आणि पुन्हा ओळख पटल्यावर माणसाला होता त्याच ठिकाणी आणून सोडावे. सत्र संपणे आणि काम नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकच असल्यासारखी आज्ञावली लिहिणे हा निव्वळ आळस आहे.

सत्राच्या मुदतीचा हा तांत्रिक प्रश्न २०२५ च्या अखेरीस थेट सरकारी आदेशात आला. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी वॉट्सअॅप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई आदी संदेश-सेवांना निर्देश दिले की अॅप हे नोंदणी केलेल्या सिमकार्डाशी सतत जोडलेले असावे आणि संगणकावर चालणारी त्यांची वेब आवृत्ती दर ६ तासांच्या आत आपोआप लॉगआऊट व्हावी. पुढे वापरायची असल्यास क्यूआर कोडद्वारे पुन्हा जोडणी करावी. त्यासाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली. परदेशातून चालणाऱ्या फसवणुकीला आळा घालणे हा त्यामागचा उद्देश सांगण्यात आला. एकदा जोडलेले वेब सत्र दीर्घकाळ चालू राहते आणि मूळ फोन वा सिम जवळ नसतानाही ते वापरता येते, हा त्यातील मुख्य मुद्दा होता.

भिलाईतील चॉइस सेंटरला याचा संबंध सहज कळेल. हल्ली ग्राहक कागदपत्रांच्या प्रती केंद्राच्या वॉट्सअॅपवर पाठवतो आणि चालक ती संगणकावरील वेब आवृत्तीतून छापून देतो. दर ६ तासांनी जोडणी नव्याने करणे ही त्याच्या दृष्टीने कटकट आहे, आणि दिवसभर याच मार्गाने मागण्या घेणाऱ्या लहान दुकानदारांच्या दृष्टीनेही. पण त्याच संगणकावर एखादा ग्राहक घाईत स्वतःचे वॉट्सअॅप जोडतो, आपली कागदपत्रे काढतो आणि जोडणी तशीच ठेवून घरी जातो. त्याचे कौटुंबिक संदेश, आधारची छायाचित्रे आणि आलेल्या बँकेच्या पावत्या त्या पडद्यावर राहतात. ६ तासांची मर्यादा अशा माणसाच्या उपयोगाची आहे. दोघांचेही हित खरे आहे; सार्वजनिक आणि खासगी संगणकांना एकच मुदत लावण्यातली अडचण ती हीच.

मुदतीने न सुटणारा एक प्रकारही याच सुमारास उघडकीस आला. 'घोस्टपेअरिंग' नावाच्या फसवणुकीविषयी केंद्राच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने डिसेंबर २०२५ मध्ये इशारा दिला. ओळखीच्या क्रमांकावरून 'हा फोटो पाहा' असा संदेश येतो. दुवा उघडल्यावर फोन क्रमांक मागितला जातो आणि एक कोड वॉट्सअॅपमध्ये भरायला सांगितले जाते. तो कोड म्हणजे चोराच्या संगणकाला आपल्या खात्याशी जोडण्याची परवानगी असते. येथे पासवर्ड फुटत नाही, सिम बदलत नाही, खातेदाराचा फोन नेहमीप्रमाणे चालू राहतो. फक्त 'लिंक्ड डिव्हाइसेस' या यादीत एक अनोळखी नाव वाढलेले असते, आणि ती यादी फारसे कुणी उघडत नाही.

चोरलेला क्रमांक दुसऱ्या यंत्रावर चालूच नये, अशी रचना करण्याकडे आता कल आहे. गूगलने एप्रिल २०२४ मध्ये मांडलेल्या प्रस्तावानुसार सत्र हे संगणकातील सुरक्षा-चिपमध्ये राहणाऱ्या गुप्त किल्लीशी बांधले जाते. ती किल्ली यंत्राबाहेर काढता येत नाही. आणि सर्व्हर मधूनमधून तिचा पुरावा मागतो. म्हणजे गेट-पासवर अखेर छायाचित्र येते. अर्थात सामायिक संगणकावर हा उपायही निरुपयोगी आहे, कारण तेथे पहिला ग्राहक आणि पाचवा ग्राहक यांचे यंत्र एकच असते.

या विषयातील काम खुद्द भिलाईच्या परिसरातही होऊ शकते. २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी भिलाई आता दुर्गजवळील कुटेलाभाटा येथील कायमस्वरूपी संकुलात असून २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्या संकुलाचे राष्ट्रार्पण झाले. केंद्राच्या आंतरशाखीय सायबर-भौतिक प्रणाली मोहिमेअंतर्गत देशभरात उभारलेल्या २५ तंत्रज्ञान-केंद्रांपैकी वित्त-तंत्रज्ञानाचे केंद्र याच संस्थेकडे आहे. पोलादाच्या गावात पैशांच्या तंत्रज्ञानाचे केंद्र यावे, हा योगायोग असला तरी सामायिक संगणकावर काम करणारा, स्वतःचा फोन नसलेला वा हिंदी-छत्तीसगडीतच सूचना समजू शकणारा वापरकर्ता त्याच्या दाराशीच आहे. मोठ्या कंपन्यांचे नमुने प्रत्येकाजवळ स्वतःचे यंत्र आहे असे गृहीत धरतात. येथे ते गृहीतक चालत नाही.

कायद्याची चौकटही घट्ट होत आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये माहितीच्या रक्षणासाठी वाजवी खबरदारी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

दरम्यान, सामायिक संगणकावर बसणाऱ्याने काय करावे? खिडकी बंद करणे पुरेसे नाही. 'जेथे थांबलो तेथून पुढे' ही सोय चालू असल्यास ब्राउझर पुन्हा उघडताच अनेक सत्रे जिवंत होतात. काम खासगी खिडकीत, म्हणजे 'इन्कॉग्निटो'त करावे. तिच्या सर्व खिडक्या बंद झाल्या की कुकी पुसल्या जातात. 'पासवर्ड जतन करू का' या प्रश्नाला नकार द्यावा. उठण्यापूर्वी लॉगआऊटचे बटण दाबावे, कारण नोंदवहीतील ओळ खोडण्याचा आदेश सर्व्हरला त्यातूनच जातो. आणि घरी गेल्यावर शंका आली, तर गूगल, फेसबुक व वॉट्सअॅप यांच्या सेटिंगमध्ये सध्या चालू असलेल्या जोडण्यांची यादी मिळते. तेथून दूरच्या संगणकावरील सत्र आपल्या फोनवरूनच तोडता येते. बँकांच्या बाबतीत अशी सोय सर्वत्र नाही. जेथे ती नाही तेथे शाखेला किंवा मदत क्रमांकाला कळवून नेट बँकिंग तात्पुरते बंद करून घेणे, हा मार्ग उरतो.